सात सेकंदांचा ठेका, काळ्या तबकड्यांचे जंगल

लंडनच्या वस्त्यांमध्ये नव्वदच्या दशकात जन्मलेल्या ‘जंगल’ संगीताच्या जुन्या तबकड्या आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात. काही तबकड्यांना शेकडो पौंड मोजले जातात. पण या छंदाची खरी गंमत किमतीत नाही, कानात आहे. आणि त्याच्या मुळाशी एका ढोलवादकाची न फिटलेली उधारीही आहे.

जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साग-बांबूची दाटी, पाणवठा आणि वाघाच्या पाऊलखुणा उभ्या राहतात. लंडनमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मात्र ‘जंगल’ हा शब्द एखाद्या लाकडी खोक्यावर लिहिलेला आढळतो. खोक्यात दाटीवाटीने उभ्या केलेल्या बारा इंची काळ्या तबकड्या असतात. काहींच्या मध्यभागी रंगीत छापील चकती, काहींवर नुसता कोरा पांढरा कागद आणि त्यावर पेनाने खरडलेले एखादे नाव. गिऱ्हाईक एकेक तबकडी बाहेर काढतो, उजेडात तिरकी धरतो, खाचांवरचे ओरखडे न्याहाळतो, मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली बारीक अक्षरे वाचतो आणि मगच खिशात हात घालतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला वाटावे, हा सोन्याची पारख करतो आहे की काय!

या तबकड्यांवर ना कुठल्या नामवंत गायकाचा फोटो, ना चित्रपटाचे नाव. त्यातल्या कित्येक तर तरुण मुलांनी घरातल्या झोपायच्या खोलीत बसून तयार केलेल्या आणि पदरमोड करून काही शे, फार तर काही हजार प्रतींत छापून घेतलेल्या. मग त्यांचे एवढे मोल कशासाठी? याचे उत्तर शोधायचे तर लंडनच्या आधी अमेरिकेत जावे लागते, तेही १९६९ सालात.

मागच्या बाजूचे गाणे

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे ‘द विन्स्टन्स’ नावाचा एक वाद्यवृंद होता. काळे आणि गोरे वादक त्यात एकत्र वाजवत, ही त्या काळी तिथे सहजासहजी दिसणारी गोष्ट नव्हती. १९६९ साली त्यांची ‘कलर हिम फादर’ ही रेकॉर्ड निघाली. युद्धात वडील गमावलेल्या आणि आईच्या दुसऱ्या पतीला मनापासून ‘बाबा’ मानणाऱ्या मुलाचे ते गाणे. ते इतके गाजले की दहा लाखांवर प्रती खपल्या आणि गाणे लिहिणाऱ्या रिचर्ड स्पेन्सर याला १९७० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण रेकॉर्ड म्हटली की तिला दुसरी बाजूही असते. ती भरून काढायला वादकांनी एका जुन्या भजनाच्या चालीवर ‘आमेन, ब्रदर’ नावाची शब्दांविना एक धून घाईघाईत वाजवून दिली. धून मध्यावर आली की बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटाच चार आवर्तने वाजवतो. सगळा मिळून सुमारे सात सेकंदांचा तुकडा. पहिली दोन आवर्तने सरळ, तिसऱ्यात ठोका किंचित मागे सरकतो, चौथ्यात एक जागा मोकळी सुटते आणि झांजेच्या खणखणाटात सगळे पुन्हा समेवर येतात. तेव्हा या सात सेकंदांकडे कोणाचेही लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते सतरा वर्षांनी. जुन्या रेकॉर्डमधले असे सुटे ठेके शोधून त्यांवर बोल म्हणण्याची प्रथा न्यूयॉर्कच्या हिप-हॉप करणाऱ्या मुलांमध्ये रूढ झाली होती. त्यांच्या सोयीसाठी ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ नावाची संकलने निघू लागली. १९८६ साली ‘आमेन, ब्रदर’ त्या संकलनात आले आणि कोलमनचा ठेका हातोहाती फिरू लागला. तोच पुढे समुद्र ओलांडून लंडनला पोचला.

खर्जात विलंबित, ड्रममध्ये द्रुत

लंडनमध्ये त्याची गाठ पडली ती जमैकाच्या वारशाशी. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरच्या शेकडो लोकांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदरात आले. महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसे हवी होती. मागोमाग आणखी हजारो आले. त्यांनी सोबत आणली ती ‘साउंड सिस्टिम’ची परंपरा. म्हणजे माणसाच्या उंचीचे लाकडी स्पीकर, घरगुती बनावटीचे अँप्लिफायर, रेकॉर्ड लावणारा एक आणि माइकवर बोलून रंग भरणारा दुसरा. खर्जाचा आवाज एवढा दमदार की तो कानाआधी छातीला जाणवावा.

या घरांतली पुढची पिढी १९९०च्या सुमारास विशीत होती. त्यांच्या कानांवर घरी रेगे, रस्त्यावर हिप-हॉप आणि रात्री नाचाच्या अड्ड्यांवर यंत्रांचे वेगवान संगीत पडत होते. शेजारच्या गोऱ्या कामगार वस्तीतली त्यांच्याच वयाची मुले हेच ऐकत होती. लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये ‘रेज’ नावाच्या कार्यक्रमात फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोघे डीजे रेकॉर्डचा वेग वाढवून वाजवीत. अशा सगळ्या धारा एकत्र येऊन १९९१ ते १९९३ या काळात जे तयार झाले, त्याला ‘जंगल’ हे नाव पडले. नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कोणी जमैकातील किंग्स्टन शहराच्या ‘जंगल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवतो, कोणी सिमेंटच्या इमारतींच्या जंगलाकडे.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंगाट वाटण्याची शक्यता आहे. पण आपल्याकडच्या कानाला त्यातली खुबी समजायला अवघड जाऊ नये. ठाय लयीतला ठेका चालू असताना तबलजी दुगुन-चौगुन करतो, तेव्हा एकाच वेळी दोन लयी आपल्याला सुखावतात. जंगलमध्ये नेमके हेच घडते. ड्रमचे ठोके मिनिटाला साधारण १६० ते १७० या द्रुत गतीने धावतात आणि त्याखाली रेगेचा खर्ज त्याच्या निम्म्या गतीने, डुलत डुलत चालतो. नाचणाऱ्याने हवे तर ड्रमबरोबर पळावे, हवे तर खर्जाबरोबर नुसती मान हलवावी. दोन्ही बरोबरच.

हे ड्रम वाजवणारा माणूस मात्र तिथे हजर नसे. ‘सॅम्पलर’ नावाचे यंत्र आवाजाचा तुकडा साठवून ठेवी. अकाई कंपनीचा एस ९५० हा सॅम्पलर आणि अटारीचा घरगुती संगणक एवढ्या सामग्रीवर कामाला सुरुवात होई. यंत्राची स्मरणशक्ती इतकी तुटपुंजी की काही सेकंदांच्या आवाजातच ती भरून जाई. मग मुलांनी काय करावे? कोलमनच्या ठेक्याचा एकेक ठोका सुटा करायचा आणि त्यांची नव्याने मांडणी करायची. ‘धा’ उचलून ‘तिरकिट’च्या जागी, ‘तिरकिट’ उलटे करून समेवर, असाच काहीसा प्रकार. त्याच सात सेकंदांतून शेकडो निरनिराळे ठेके जन्माला आले. पदार्थ एक, पण प्रत्येक घरची फोडणी वेगळी!

मोटारीच्या डिकीतला माल

मोठ्या कंपन्यांना या गडबडगुंड्यात रस नव्हता. मुलांनी स्वतःच कंपन्या काढल्या. ‘फोर हीरो’ या नावाने वाजवणाऱ्या मित्रांनी लंडनच्या डॉलिस हिल भागातून १९८९मध्ये ‘रीइन्फोर्स्ड’ सुरू केली. स्टीव्हनेज या गावातून रॉब प्लेफर्डने ‘मूव्हिंग शॅडो’ चालवली. रॉमफर्डच्या ‘बूगी टाइम्स’ या रेकॉर्डच्या दुकानातून ‘सबर्बन बेस’ निघाली. लेस्टरमध्ये ‘फॉर्मेशन’, ब्रिस्टलमध्ये ‘फुल सायकल’. लंडनच्या बाहेरही बी रुजले.

कारखान्यातून छापून आलेला माल मोटारीच्या डिकीत टाकायचा आणि दुकानोदुकानी जाऊन द्यायचा, ही विक्रीव्यवस्था. पहिल्या काही प्रती छापील चकतीशिवाय, कोऱ्या पांढऱ्या कागदासह निघत. त्यांना ‘व्हाइट लेबल’ म्हणतात. त्या डीजेंना वाटायच्या, रेकॉर्ड चालते असे दिसले तर पुढचा माल छापायचा. सोहो भागातले ‘ब्लॅक मार्केट’ हे दुकान त्या काळी शुक्रवारी-शनिवारी तरुणांनी भरून जाई. काउंटरमागचा विक्रेता एकेक नवी रेकॉर्ड लावे, आवडली की समोरच्या गर्दीतून हात वर होत. पाच प्रती आल्या असतील आणि हात दहा वर झाले असतील, तर पाच जण निराश होऊन घरी जात.

सरकारमान्य नभोवाणीवर या संगीताला फारशी जागा नव्हती. मग उंच इमारतींच्या गच्च्यांवर चोरून अँटेना लावून बिनपरवाना केंद्रे चालू लागली. हॅकनी भागातून १९९१ साली सुरू झालेले ‘कूल एफएम’ हे त्यातले नावाजलेले. अधिकारी यंत्रे जप्त करीत, मुले दुसरी बसवीत. १९९४ साली असेच सुरू झालेल्या ‘रिन्स एफएम’ला पुढे २०१०मध्ये रीतसर परवाना मिळाला! त्याच १९९४ साली ब्रिटिश संसदेने उघड्यावरच्या विनापरवाना नाचगाण्यांना आवर घालणारा कायदा केला. त्यात एकामागून एक पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचे संगीत अशी चक्क व्याख्याच घातली होती. सरकारने ठेक्याची दखल घ्यावी, हेही नवलच.

झिजणारी तबकडी

जंगलच्या दुनियेत सर्वांत दुर्मीळ मानली जाणारी वस्तू म्हणजे ‘डबप्लेट’. ही कल्पनाही जमैकाचीच. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ रसायनाचा लेप असतो. त्यावर यंत्राने थेट खाचा कोरतात. कारखान्यात साचा करून हजारो प्रती काढण्याऐवजी एकच प्रत, एकाच डीजेसाठी. उत्तर लंडनच्या ‘म्युझिक हाउस’मध्ये अशा तबकड्या कोरून घेण्यासाठी नामवंत डीजे ताटकळत बसत. आज दुपारी कोरलेली तबकडी आज रात्री वाजायची आणि ते गाणे पुढचे कित्येक महिने दुसऱ्या कोणाकडे नसायचे.

या तबकडीचा दोष असा की ती मऊ असते. काही डझन वेळा वाजली की सुईने खाचा झिजतात, झांजांचा चकचकीतपणा जातो आणि खरखर वाढते. म्हणजे लोकांना जी तबकडी जास्त आवडली ती जास्त वाजली आणि जी जास्त वाजली ती आधी मेली. काही गाणी तर डबप्लेटच्या पुढे कधी गेलीच नाहीत. त्यांच्या रेकॉर्ड छापल्याच गेल्या नाहीत. कोणी नभोवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतली असतील तेवढीच उरली.

काय ऐकावे?

नव्याने ओळख करून घेणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? जाणकार शौकिनांच्या संग्रहात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या काही तबकड्या अशा.

लेनी डी आइस याची ‘वी आर आय.ई.’ ही १९९१ सालची. यंत्रसंगीतात आमेनचा ठेका आणि रेगेचा खर्ज एकत्र नांदू लागल्याची ही आरंभीची खूण मानली जाते. १९९२ची ‘टर्मिनेटर’ गोल्डी याची. तीत ड्रमचा स्वर वर वर चढत जातो, पण लय तसूभरही वाढत नाही. टेप वेगाने फिरवली की आवाज चिरका होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. इथे आवाज चिरका होतो आणि वेग तोच राहतो. त्या वेळच्या ऐकणाऱ्यांना ही जादूच वाटली.

‘ऑम्नी ट्रायो’ या नावाने रॉब हे यांनी केलेली ‘रेनिगेड स्नेअर्स’ १९९३ सालची. धावत्या ड्रमवर पियानोचे साधे, हळवे सूर. हेच रॉब हे पुढे शांत पियानोवादनाच्या रेकॉर्डकडे वळले, याचे ती ऐकल्यावर आश्चर्य वाटत नाही. त्याच वर्षीची एलटीजे बुकेम यांची ‘म्युझिक’ ज्यांना आडदांड आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी. पाण्यावर तरंगल्यासारखी.

आणि ‘ओरिजिन अननोन’ या जोडीची ‘व्हॅली ऑफ द शॅडोज’, तीही १९९३ची. एका स्त्रीचा बोललेला आवाज आणि त्याभोवती घोंघावणारा खर्ज. गंमत म्हणजे तबकडीवर आधीचा मान ‘द टच’ या गाण्याला होता. लोकांनी तबकडी उलटली आणि दुसरीच बाजू उचलून धरली. ‘आमेन, ब्रदर’ची कहाणीच जणू फिरून घडली.

प्रकाशझोतात

१९९४ साल हे जंगलच्या भरभराटीचे. एम-बीट आणि गायक जनरल लेव्ही यांची ‘इन्क्रेडिबल’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढली. शाय एफएक्स आणि यूके अपाची यांची ‘ओरिजिनल नटा’ही यादीत आली. पण यशाबरोबर रुसवेफुगवेही आले. या संगीताचा कर्ताधर्ता आपणच, अशा अर्थाचे जनरल लेव्हीचे बोलणे छापून आले आणि प्रमुख डीजेंनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. ज्या चळवळीला कोणी मालक नव्हता, तिथे मालकीची भाषा कोणालाच रुचली नाही.

पुढच्या वर्षी गोल्डीचा ‘टाइमलेस’ हा संग्रह सातव्या क्रमांकावर पोचला. त्यातले पहिले गाणे एकवीस मिनिटांचे आणि त्याच्या गाभ्याशी डायन शार्लमेन यांचा भरदार आवाज. अनाथालयांत आणि परक्या घरांत वाढलेल्या गोल्डीला या संगीताची गोडी लावली ती केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन मैत्रिणींनी. पुरुषांच्या या गर्दीत दोघींनी डीजे म्हणून नाव कमावले आणि १९९४मध्ये सुरू झालेली ‘मेटलहेड्झ’ ही कंपनी गोल्डीसोबत उभी केली. १९९९ साली केमिस्ट्री मोटार अपघातात गेली. स्टॉर्मने वाजवणे सोडले नाही.

१९९७मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि त्याच्या ‘रेप्रझेंट’ या चमूला ‘न्यू फॉर्म्स’साठी ब्रिटनचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. तोवर या संगीताला ‘ड्रम अँड बेस’ हे नाव रूढ झाले होते.

याच गोष्टीत एक भारतीय धागाही आहे. लंडनच्या हॉक्स्टन चौकातल्या ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये रविवारी रात्री मेटलहेड्झची मैफल भरे. त्याच क्लबमध्ये सोमवारी ‘अनोखा’ नावाचा कार्यक्रम होई. तो भरवणारा तलविन सिंग हा लंडनमध्ये जन्मलेला आणि पंजाबात तबल्याची तालीम घेतलेला तरुण. त्याने यंत्रातल्या तुटक ठेक्यांशी तबल्याची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी लावली. १९९९ साली त्याच्या ‘ओके’ या संग्रहाला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. द्रुत आणि विलंबित यांची सांगड जमैकाच्या मुलांनी एका वाटेने घातली होती, तबलजी दुसऱ्या वाटेने तिथेच येऊन पोचला.

अस्सल कशी ओळखावी?

आता पुन्हा त्या खोक्याकडे वळू. जुन्या जंगल रेकॉर्ड शोधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो मूळ छपाई कोणती आणि नंतरची कोणती, हा. त्याचे उत्तर चकतीवर नसते, तिच्याभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर असते. खाचा कोरणारा तंत्रज्ञ तिथे क्रमांक, कधी स्टुडिओचे नाव, कधी एखादी खोडसाळ ओळ कोरून ठेवतो. हा क्रमांक २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्कॉग्ज’ या रेकॉर्डच्या जागतिक सूचीशी ताडून पाहता येतो. पांढऱ्या कागदाच्या तबकड्यांची नक्कल करणे सोपे असल्याने तिथे तर ही पडताळणी हवीच.

दुसरी गोष्ट वेगाची. यातल्या काही तबकड्या मिनिटाला ३३ फेऱ्यांनी, तर काही ४५ फेऱ्यांनी फिरवायच्या असतात. बारा इंचांच्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. खर्जाचे स्वर खाचेला रुंद हेलकावे द्यायला लावतात. त्यासाठी ऐसपैस जागा लागते. जागा जितकी जास्त, आवाज तितका भरदार. म्हणूनच जंगलचा खर्ज जुन्या तबकडीवर ऐकणारे त्याची तारीफ करताना थकत नाहीत.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. डीजेंनी वाजवलेल्या तबकड्या खडतर आयुष्य जगलेल्या असतात. दोन टोकांना, म्हणजे जिथे एक गाणे दुसऱ्यात मिसळले जाते तिथे, त्या जास्त झिजतात. म्हणून विकत घेताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वाजवून पाहावा.

एकदा घरी आणली की काळजीचे नियम सोपे आहेत आणि ते माळ्यावर पडून असलेल्या आपल्या नाट्यगीतांच्या किंवा चित्रपटगीतांच्या एलपींनाही तंतोतंत लागू पडतात. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात. ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवाव्यात. धरताना बोटे कडेला आणि मधल्या चकतीला लागावीत, खाचांना नव्हे. वाजवण्याआधी मऊ ब्रशने धूळ काढावी. जास्त मळली असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड वापरून खाचांच्या दिशेने, गोलाकार पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच पाकिटात घालावी. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते, तेव्हा ती बदलावीत. सुई झिजलेली असेल तर तबकडीला हात लावू नये. बोथट सुई एका फेरीत जे नुकसान करते ते पुसून निघत नाही.

आणि ज्यांना नुसते ऐकायचे आहे त्यांनी मूळ प्रतीच्या मागे लागण्याचे कारणच नाही. अनेक जुन्या कंपन्यांनी आपल्या गाजलेल्या तबकड्या पुन्हा छापल्या आहेत. काही वेळा मूळ टेप हरवलेली किंवा खराब झालेली असते. अशा वेळी कोणा शौकिनाने जपलेल्या स्वच्छ प्रतीवरून गाणे उतरवून घ्यावे लागते. जपणाऱ्याची आठवण तेव्हा सगळ्यांना येते.

मोल कोणाच्या पदरात?

रेकॉर्डचे दिवस संपले असे म्हणता म्हणता ते परत आले. २०२२ साली ब्रिटनमध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीपेक्षा जास्त झाले. असे १९८७नंतर पहिल्यांदाच घडले. तरी हा धंदा किती नाजूक धाग्यावर उभा आहे याची प्रचिती फेब्रुवारी २०२०मध्ये आली. कॅलिफोर्नियातील ‘अपोलो मास्टर्स’ या कारखान्याला आग लागून तो नष्ट झाला. खाचा कोरण्यासाठी लागणाऱ्या लेप दिलेल्या चकत्या बनवणारे जगात दोनच प्रमुख कारखाने होते, हा त्यांतला एक. उरला तो जपानमधला.

पण त्याहून मोठा प्रश्न पैशाच्या हिशेबाचा आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काही पौंडांना विकलेली तबकडी आज शेकडो पौंडांना जाते, तेव्हा तो पैसा एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याने ती झोपायच्या खोलीत बसून घडवली त्याला त्यातले काही मिळत नाही. आणि ज्याच्या हातांतून तो ठेका पहिल्यांदा निघाला त्याचे काय?

आमेनच्या सात सेकंदांचा वापर हजारो गाण्यांत झाला आहे. जगात सर्वाधिक उसना घेतलेला आवाजाचा तुकडा तोच असावा. त्याचे हक्क रिचर्ड स्पेन्सरकडे होते. त्याने संगीताचा व्यवसाय केव्हाच सोडला होता. १९९६ साली एका ब्रिटिश कंपनीने मूळ टेपसाठी विचारणा केली, तेव्हा कुठे त्याला आपल्या धुनेचे काय झाले हे कळले. कायदेशीर दाव्याची मुदत तोवर उलटून गेली होती. ग्रेगरी कोलमन २००६ साली अटलांटा शहरात वारला. स्पेन्सरने सांगितल्याप्रमाणे, तेव्हा तो कफल्लक होता आणि त्याच्या डोक्यावर छप्परही नव्हते. आपल्या सात सेकंदांवर एक अख्खी पिढी नाचली, याची त्याला कल्पना तरी होती की नाही, असा प्रश्न स्पेन्सरलाही पडला होता.

२०१५मध्ये एका ब्रिटिश डीजेने जगभरच्या शौकिनांना हाक घातली. या ठेक्यावर ज्यांनी नाव कमावले, ज्यांनी आनंद घेतला, त्यांनी यथाशक्ती द्यावे. सुमारे २४ हजार पौंड जमले आणि ते स्पेन्सरच्या हाती पडले. रक्कम मोठी नव्हती, पण जवळजवळ अर्ध्या शतकानंतर कोणीतरी ‘हे तुमचे होते’ असे म्हटले होते. स्पेन्सर २०२०च्या अखेरीस गेला. कोलमनपर्यंत मात्र ती हाक पोचली नाही.

म्हणूनच या छंदातले जुनेजाणते लोक नव्या शौकिनांना दोन गोष्टी सांगतात. एक, मूळ कलावंताने वा कंपनीने पुन्हा छापलेली तबकडी मिळत असेल तर ती आधी घ्या. त्या पैशातला वाटा घडवणाऱ्यापर्यंत जातो. दोन, दुर्मीळ प्रत हाती लागलीच तर ती कपाटात कुलूपबंद करू नका. वाजवा, चार जणांना ऐकवा, तिच्यावर कोणाकोणाचा हात फिरला ते लिहून ठेवा. लंडनच्या त्या वस्त्यांमधल्या मुलांचा इतिहास तेव्हा कोणी लिहिला नाही. वर्तमानपत्रांनी त्यांच्याकडे उपद्रव म्हणून पाहिले, सरकारने कायद्याचे कलम म्हणून. त्यांनी स्वतः जे लिहिले ते सुईने वाचायच्या अक्षरांत, काळ्या खाचांमध्ये. ती अक्षरे झिजण्याआधी वाचली गेली आणि ज्याच्या सात सेकंदांतून ती सुरू झाली त्या कोलमनचे नाव त्यांच्यासोबत उच्चारले गेले, तरच खोक्यातल्या त्या तबकडीची किंमत वसूल झाली म्हणायची.